डोंगरी सायकलीचा पुढचा चिमटा : स्वस्त कोणता आणि किफायतशीर कोणता

खेडहून निघणाऱ्या वाटा फार लवकर आपलें रूप पालटतात. जगबुडीच्या कांठचें गांव सोडून भरणे नाक्याकडे जाणारा रस्ता डांबरी आहे, पुढें लागणारा मुंबई-गोवा महामार्ग प्रशस्त आहे, आणि तेथपर्यंत कोणतीहि साधी सायकल सुखानें चालते. परंतु पूर्वेस सह्याद्रीकडे तोंड वळवून रसाळगड, सुमारगड व महिपतगड ह्या गडांच्या पायथ्याकडील वाड्यांची वाट धरली, अथवा रघुवीर घाटाच्या आसपासचे कच्चे रस्ते धुंडाळूं लागलें, म्हणजे डांबराचा आधार सुटतो. मग जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, दोन गडग्यांमधून उतरणारी पाणंद, उघडा खडबडीत सडा आणि पावसानें वाहून आणलेले गोटे, असा क्रम सुरू होतो. अशा वाटेवर पुढच्या चाकाला बसणारा प्रत्येक धक्का हँडलावरून मनगटांत, मनगटांतून कोंपरांत आणि कोंपरांतून खांद्यांत उतरतो. हात बधिर झाले कीं ब्रेकवरील बोटें सैल पडतात; आणि उतारावर बोटें सैल पडणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

म्हणूनच एखादी फ्रेम घेऊन, तिच्याभोंवतीं निरनिराळे भाग जमवून, स्वतःची डोंगरी सायकल बांधूं पाहणाऱ्या तरुणापुढें पहिला मोठा प्रश्न उभा राहतो तो पुढच्या सस्पेन्शन चिमट्याचा. सबंध सायकलींत फ्रेमच्या बरोबरीनें महाग असा हाच एक भाग. येथें निवड चुकली तर घरांतील पैसा वायां जातो, आणि पैसा गेला तरी एक वेळ चालेल, पण भलता चिमटा उतारावर जिवावरहि बेतूं शकतो. दुकानांत मात्र हा प्रश्न बहुधा किंमतीच्या चिठ्ठीवर आणि रंगाच्या झळाळीवर सुटतो. स्वस्त वस्तु आणि किफायतशीर वस्तु ह्यांत अंतर आहे, आणि तें अंतर चिमट्याइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसतें.

प्रथम, दबणारा चिमटा हवाच काय, हें विचारणें अवश्य आहे. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ सालीं सुमारें ७१,००० किलोमीटरांचा प्रवास पुरा करून परत आले. आणि त्यांच्या सायकलींचे चिमटे साधे, ताठ होते. ज्या खेळास आज डोंगरी सायकलिंग म्हणतात, त्याचा आरंभहि ताठ चिमट्यानेंच झाला. १९७६ सालीं कॅलिफोर्नियाच्या मारिन परगण्यांत डोंगरउतारावरील जी शर्यत सुरू झाली, तींत जुन्या जाड चाकांच्या सायकली होत्या. त्यांचे मागच्या हबमधील ब्रेक उतारावर इतके तापत, कीं आंतील ग्रीस जळून जाई आणि खालीं पोंचल्यावर तें पुन्हां भरावें लागे. ह्या 'पुन्हां भरण्या'वरूनच त्या शर्यतीला रीपॅक हें नांव पडलें. तात्पर्य, ताठ चिमटा ही कांहीं लाजिरवाणी गोष्ट नव्हे. तो हलका असतो, त्याला तेल लागत नाहीं, आणि त्यांत बिघडण्यासारखें कांहींच नसतें. त्याच्या जोडीला सव्वादोन इंच रुंदीचा टायर घेऊन, बेतशीर वजनाच्या स्वारानें त्यांत पंचवीस-तीस पौंडांच्या दाबाची हवा ठेवली, तर लहानसहान खडे तो टायरच गिळून टाकतो. ज्याची फेरी मुख्यतः डांबरी आणि साध्या कच्च्या रस्त्यावरची आहे, त्यानें येथेंच थांबावें आणि उरलेला पैसा चांगल्या ब्रेकवर व टायरवर खर्चावा.

परंतु पाखाडी आणि सडा हाच ज्याचा नित्याचा मार्ग, त्याचें काम टायरानें भागत नाहीं. अशा स्वारानें चिमट्याच्या आंत काय चालतें हें समजून घ्यावें. कारण हें एकदां उमगलें, कीं दुकानांतील निम्मी फसवणूक आपोआप टळते.

सस्पेन्शन चिमट्यांत दोन आंतल्या नळ्या दोन बाहेरच्या नळ्यांत वरखालीं सरकतात. त्यांत दोन निरनिराळीं कामें चालतात. एक काम स्प्रिंगचें : धक्का बसला कीं दबून त्याचा जोर सांठवून घेणें. पण स्प्रिंग प्रामाणिक असते. जें घेतें तें ती परत देते. दबलेली स्प्रिंग तितक्याच जोरानें उसळते आणि हँडल वर फेंकते. त्या उसळीला आवर घालणें हें दुसरें काम. त्यास डॅम्पिंग म्हणतात, आणि चांगल्या चिमट्यांत तें तेलाकडून करून घेतलेलें असतें. शिमग्यांत पिचकारी खेळलेल्या मुलाला हें तत्त्व समजावून द्यावें लागत नाहीं. पिचकारीचा दांडा हळू दाबला तर सहज जातो. एकदम रेटला तर पाणी बारीक भोंकांतून बाहेर पडूं शकत नाहीं आणि दांडा अडतो. चिमट्यांतील तेलहि असेंच बारीक छिद्रांतून जातें. हळू हालचालीला तें वाट देतें, वेगाच्या हालचालीला विरोध करतें, आणि स्प्रिंगेनें सांठवलेला जोर उष्णतेच्या रूपानें जिरवून टाकतें. स्प्रिंग चाकाला वर जाऊं देते. तेल त्याला शिस्तीनें खालीं आणतें. ह्या दोहोंपैकीं एक नसेल तर तो चिमटा अर्धाच होय.

ही युक्ति सायकलीकडे मोटारसायकलीकडून आली. बी.एम.डब्ल्यू. कारखान्यानें १९३५ सालीं आपल्या आर-१२ ह्या मोटारसायकलीला तेलाच्या डॅम्पिंगचा, एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा बसविला. त्यानंतर अर्ध्या शतकानें, मोटारसायकलींच्या दुरुस्तींत मुरलेल्या पॉल टर्नर ह्या अमेरिकन कारागिरानें तोच विचार सायकलीच्या मापांत उतरविला, आणि १९८९ सालीं रॉकशॉक्स कंपनीचा आर.एस.-१ हा चिमटा बाजारांत आला. तो जेमतेम दोन इंच दबे. आज त्याच्या दुप्पट दबणारे चिमटे साध्या सायकलींवर दिसतात, परंतु आर.एस.-१ मध्यें हवेची स्प्रिंग आणि तेलाचा आवर हीं दोन्हीं होतीं, आणि आजच्या कित्येक स्वस्त चिमट्यांत त्यांपैकीं दुसरें मुळींच नसतें.

हीच बाजारांतील पहिली मेख आहे. कमी किंमतीच्या तयार सायकलींवर जे चिमटे येतात, त्यांत पुष्कळदां एक पोलादी स्प्रिंग, थोडें ग्रीस आणि रबराचा तुकडा एवढाच संसार असतो. दिसावयास तो मोठ्या चिमट्याचा जुळा भाऊ. वजनानें मात्र अडीच किलोग्रॅमच्या घरांत, म्हणजे ताठ चिमट्याच्या दुपटीहून अधिक. सपाट रस्त्यावर पायडल मारतांना तो डुलत राहतो आणि पायांचा जोर खातो. उतारावर लागोपाठ खड्डे आले म्हणजे पहिल्या खड्ड्याची उसळी संपण्यापूर्वीं दुसरा खड्डा येतो, चाक हवेंत राहतें, आणि हवेंत असलेल्या चाकाला ब्रेकहि थांबवूं शकत नाहीं व हँडलहि वळवूं शकत नाहीं. असा चिमटा ताठ चिमट्याहून वाईट. कारण ताठ चिमटा निदान खोटा भरंवसा देत नाहीं.

ह्याची परीक्षा दुकानांत अर्ध्या मिनिटांत होते. पुढचा ब्रेक दाबून धरावा, दोन्ही हातांनीं हँडलावर भार टाकून चिमटा दाबावा, आणि भार एकदम काढून घ्यावा. चिमटा ताडकन् वर येऊन खट् असा आवाज करीत असेल, तर आंत आवर नाहीं. तो वेगानें पण आवाज न करतां, जणु कोणी हात धरून आणल्याप्रमाणें वर येत असेल, तर तेल आपलें काम करीत आहे. बाहेरच्या नळीच्या तळाशीं बहुधा एक लहानशी फिरकी असते; ती फिरवून ही परतीची गति कमीजास्त होत असेल, तर तो चिमटा खरोखर विचारांत घेण्याजोगा. वरच्या टोंकाशीं असलेल्या 'लॉकआऊट' ह्या कळीला मात्र फार भुलूं नये. ती चिमट्याचें दबणें थांबवून डांबरी चढावर उपयोगी पडते. पण लॉकआऊट आहे म्हणजे उसळीला आवर आहेच, असें नव्हे.

स्प्रिंग पोलादाची घ्यावी कीं हवेची, हा पुढचा प्रश्न. पोलादी स्प्रिंग सोपी, टिकाऊ आणि स्वस्त. पण तिचा ताठपणा कारखान्यांतच ठरून जातो. तो बहुधा मध्यम किंवा भरभक्कम वजनाचा स्वार डोळ्यांपुढें ठेवून ठरविलेला असतो. पन्नास-पंचावन्न किलोग्रॅम वजनाचा महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी अशा चिमट्यावर बसली, कीं तो अर्धाहि दबत नाहीं, आणि शंभर मिलिमीटरांचे पैसे देऊन वापर मात्र चाळीसांचाच होतो. वरची प्रीलोडची फिरकी फिरवून हें सुधारतें अशी समजूत आहे. ती बरोबर नव्हे. त्या फिरकीनें स्प्रिंग आरंभींच थोडी दाबून ठेवली जाते, तिचा मूळचा ताठपणा पालटत नाहीं. त्यासाठीं स्प्रिंगच बदलावी लागते, आणि ती प्रत्येक चिमट्यासाठीं मिळेलच असें नाहीं.

हवेच्या चिमट्यांत पोलादाच्या जागीं कोंडलेली हवा असते. सायकलीच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून दांडा रेटला असतां जो लवचीक विरोध जाणवतो, तोच येथें स्प्रिंगचें काम करतो. हवा कमीजास्त करून एकच चिमटा हलक्या आणि जड अशा दोघांनाहि बेताचा करतां येतो, आणि वजनांतहि अर्धा किलोग्रॅमच्या आसपास बचत होते. मात्र हवेची जागा लहान आणि दाब मोठा असल्यानें टायरांत हवा भरावयाचा साधा पंप येथें चालत नाहीं. सस्पेन्शनसाठींच बनविलेला, कांटा असलेला छोटा पंप घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत चिमट्याच्याच खात्यांत धरली पाहिजे. भार बरोबर बसला कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. आंतल्या नळीवर एक दोरा सैलसर बांधून तो खालीं सीलपर्यंत सरकवावा, स्वारानें नेहमींच्या पोशाखांत अलगद सायकलीवर बसावें व तसेंच अलगद उतरावें, आणि दोरा किती वर गेला हें मोजावें. जेवढा चिमटा दबूं शकतो त्याच्या पंधरा ते पंचवीस टक्के अंतर दोऱ्यानें दाखविलें, म्हणजे शंभर मिलिमीटरांच्या चिमट्यांत पंधरा ते पंचवीस मिलिमीटर, तर हवा बेताची आहे असें समजावें.

चिमटा जास्तींत जास्त जितका दबतो, त्या अंतरास दुकानांत ट्रॅव्हल म्हणतात. हा आंकडा जितका मोठा तितका चिमटा चांगला, असा एक भ्रम आहे. फ्रेम बनविणारा ती विशिष्ट ट्रॅव्हलच्या चिमट्यासाठीं बनवितो. ऐंशी किंवा शंभर मिलिमीटरांसाठीं बनविलेल्या फ्रेमला एकशेवीस किंवा एकशेतीसचा चिमटा बसविला, तर सायकलीचें तोंड वर उचललें जातें. साधारणपणें वीस मिलिमीटरांच्या वाढीमागें पुढच्या मानेचा कोन एका अंशानें कलतो. चढावर पुढचें चाक भरकटूं लागतें, वळणावर हँडल आळसावतें, आणि लांब चिमट्याचा दांडपट्टा फ्रेमच्या मानेच्या सांध्यावर अधिक ताण आणतो. जुन्या पोलादी किंवा ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा सांधा तडकण्याचें भय खरें आहे. खेडच्या आसपासच्या वाटांना शंभर, आणि नव्या धर्तीच्या फ्रेमला फार तर एकशेवीस मिलिमीटर पुरेसे आहेत. त्याहून अधिक ट्रॅव्हलसाठीं दिलेला पैसा त्या वाटेवर परत मिळत नाहीं.

आतां मापांचें प्रकरण. चिमटा कितीहि उत्तम असो, तो फ्रेमला व चाकाला बसला पाहिजे. चाकाचीं प्रचलित मापें तीन : सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंच. लहान चाकाच्या चिमट्यांत मोठें चाक कसेंबसें बसवूं नये. उभ्या सायकलींत तें फिरेल, पण चिमटा पुरा दबला कीं टायर वरच्या जोडाला घांसेल आणि चाक जागच्या जागीं अडकेल. दुसरें माप फ्रेमच्या मानेंतून वर जाणाऱ्या नळीचें. जुन्या फ्रेमना सव्वा इंचाहून किंचित् कमी, म्हणजे २८.६ मिलिमीटर जाडीची सरळ नळी लागते. नव्यांना बहुधा वर तेवढीच पण खालीं दीड इंच अशी निमुळती नळी लागते. रुंद मानेच्या नव्या फ्रेममध्यें योग्य कडी घालून सरळ नळीचा चिमटा बसवितां येतो. अरुंद मानेच्या जुन्या फ्रेममध्यें निमुळती नळी कांहीं केल्या जात नाहीं. तिसरी गोष्ट ब्रेकची. आज मिळणाऱ्या पुष्कळ चिमट्यांवर फक्त डिस्क ब्रेक बसतो, रिमवर दाबणारा ब्रेक बसविण्यास खुंट्याच नसतात. मग जुन्या चाकाचा हबहि बदलावा लागतो, आणि स्वस्तांत मिळालेल्या चिमट्यापायीं नवें चाक व नवा ब्रेक विकत घेण्याची पाळी येते.

चौथें माप आंसाचें, आणि तें केवळ सोयीचें नव्हे, सुरक्षिततेचें आहे. जुन्या पद्धतींत नऊ मिलिमीटरांचा आंस चिमट्याच्या तळाशीं असलेल्या उघड्या खांचेंत बसतो आणि एका खटक्यानें आवळला जातो. डिस्क ब्रेक दाबला असतां जो जोर उत्पन्न होतो, तो आंसाला खांचेंतून बाहेर ढकलूं पाहतो; म्हणूनच खांचेच्या टोंकाशीं लहान ओंठ ठेवलेले असतात. ते कानशीनें घांसून काढणें हा आत्मघात होय, आणि खटका नीट आवळला आहे कीं नाहीं हें प्रत्येक फेरीपूर्वीं पाहणें हें कर्तव्य होय. नव्या पद्धतींत पंधरा मिलिमीटर जाडीचा आंस बंद भोंकांतून आरपार जातो. तो निसटत नाहीं, आणि दोन्ही पाय एकत्र बांधले गेल्यानें चिमटा पिळवटत नाहीं. फ्रेम व चाक नव्यानेंच जमवावयाचें असेल, तर येथें काटकसर करूं नये. त्यांतहि शंभर आणि एकशेदहा मिलिमीटर रुंदीचे दोन प्रकार आहेत. हबची रुंदी पाहूनच चिमटा मागवावा.

एवढें सारें पुण्यामुंबईच्या सायकलस्वारालाहि लागू आहे. खेडचा स्वतःचा प्रश्न ह्यापुढें सुरू होतो. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जांभ्याची तांबडी माती पावसांत चिकट रबडी होते आणि उन्हाळ्यांत मैद्यासारखी बारीक धूळ. ही धूळ आंतल्या नळीवर बसते, नळी सरकली कीं सीलच्या ओंठाखालीं शिरते, आणि तेथें ती पॉलिशच्या कागदासारखी घांसत राहते. प्रथम सील झिजतें, मग तेल बाहेर व पाणी आंत जाऊं लागतें, आणि शेवटीं नळीवर चरे उठतात. स्वस्त चिमट्यांच्या आंतल्या नळ्या बहुधा क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या असतात. दमट हवेंत मुलाम्याला टोंचा पडला कीं तेथें गंज धरतो, आणि गंजाचा खरखरीत ठिपका नवें सीलहि फाडून टाकतो. वरच्या प्रतीच्या चिमट्यांत ह्या नळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. त्या गंजत नाहींत, मात्र दगडाचा ओरखडा त्यांनाहि सोसत नाहीं.

ह्यावरून कोंकणांतील स्वारासाठीं एक कसोटी निघते : जो चिमटा उघडतां येतो, ज्याचीं सीलें सुटीं मिळतात आणि ज्याची दुरुस्ती गांवांत होऊं शकते, तोच किफायतशीर. रॉकशॉक्ससारखे कारखाने खालच्या नळ्या दर पन्नास तासांच्या स्वारीनंतर उघडून पुसाव्या व तेल बदलावें असें सांगतात, आणि आंतील सर्व भागांची मोठी सफाई साधारण दोनशें तासांनीं. आठवड्यास सहा तास सायकल चालविणाऱ्याचे पन्नास तास दोन महिन्यांत भरतात; पावसाळ्यांत तर त्याहि आधीं चिमटा उघडलेला बरा. हें काम प्रत्येक वेळीं पार्सलानें पुण्यास धाडावयाचें तर जाण्यायेण्यांतच चिमट्याची किंमत दोन वर्षांत पुन्हां वसूल होईल. सुदैवानें, ज्याच्या हाताला मोटारसायकलींच्या चिमट्यांचें तेल बदलण्याची संवय आहे अशा मिस्त्रीला सायकलीचा चिमटा परका नाहीं. तत्त्व एकच, मापें तेवढीं नाजुक. त्याच्या हातीं कारखान्याची पुस्तिका द्यावी, तींत सांगितलें असेल त्याच जातीचें आणि तितकेंच तेल घालावें, आणि सीलवर पेट्रोल, रॉकेल अथवा साधें काळें ग्रीस लागूं देऊं नये. कारण त्यानें रबर फुगतें. हवेचा चिमटा असेल तर उघडण्यापूर्वीं आंतील हवा पूर्ण सोडावी, हें मिस्त्रीला आवर्जून सांगावें. दाब असतांना टोपण फिरविलें तर तें बंदुकीच्या गोळीसारखें उडतें. चिमटा विकत घेतेवेळींच सीलांचे दोन संच बरोबर घेऊन ठेवावे, आणि ते मिळत नसतील तर तो चिमटाहि घेऊं नये.

नांवांविषयीं थोडेंसें. स्वस्त व मध्यम प्रतींत मुख्यतः एस.आर. सनटूर आणि रॉकशॉक्स हीं दोन नांवें पुढें येतात. सनटूर हें मूळ जपानी नांव, आज तैवानांत रुजलेलें; रॉकशॉक्स अमेरिकन, आणि २००२ पासून स्रॅम ह्या कंपनीच्या मालकीचें. सनटूरचे एक्ससीटी व एक्ससीएम हे पोलादी स्प्रिंगचे चिमटे तयार सायकलींवर सर्रास दिसतात. त्याच घरचा रेडॉन हा हवेचा, बत्तीस मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा. रॉकशॉक्सच्या रेकॉन ह्या चिमट्यांतहि नळ्या बत्तीस मिलिमीटरांच्या. त्याच्या रुपेरी प्रतींत त्या पोलादाच्या, सोनेरी प्रतींत ॲल्युमिनियमच्या. एकाच नांवाखालीं अनेक प्रती निघतात आणि त्या वर्षागणिक बदलतात, म्हणून नांवापेक्षां आंतील गुण वाचण्याची संवय अधिक उपयोगाची : हवेची स्प्रिंग, तेलाचा आवर, परतीची फिरकी, जाड नळ्या, आणि सुटे भाग. हे पांच गुण ज्या सर्वांत कमी किंमतीच्या चिमट्यांत एकत्र सांपडतात, ती पायरी किफायतीची. तिच्या खालची पायरी पैसा वांचविल्याचा केवळ भास देते. तिच्या वरची पायरी ग्रॅमांच्या हिशेबांत वजन कमी करते, आणि तो हिशेब शर्यतींत उतरणाऱ्यानें करावा.

जुना चिमटा घेणेंहि पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. पण तो हातांत घेऊन तपासल्याशिवाय नव्हे. आंतल्या नळ्यांवरून नख फिरवावें; नख अडकलें तर तो चरा सील खाणार. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेंमागें हलवावी आणि नळ्यांच्या जोडावर बोट ठेवावें; तेथें खुळखुळ जाणवली तर आंतील सरकपट्ट्या झिजल्या आहेत. वरच्या जोडाशीं केसासारखी चीर दिसली तर तो चिमटा फुकटहि घेऊं नये. आणि मानेंतील नळीची लांबी मोजावी. आधींच्या मालकानें ती आपल्या फ्रेमच्या मापानें कापलेली असते, आणि कापलेली नळी वाढवितां येत नाहीं. नवा चिमटा बसवितांनाहि हेंच भान हवें : हँडल, कड्या व बेअरिंग सर्व रचून, दोनदां मोजून, मगच नळीला करवत लावावी.

शेवटीं हिशेब मांडावा तो एकट्या चिमट्याचा नव्हे. चिमट्याच्या किंमतींत बेअरिंगच्या कड्या, लागलाच तर नवा हब, हवेचा छोटा पंप, सीलांचे दोन संच आणि वर्षांतील चार सफायांचा खर्च मिळवावा. ती बेरीज म्हणजे चिमट्याची खरी किंमत. ह्या बेरजेंत बिनतेलाचा स्वस्त चिमटा बहुतेक वेळां हरतो, कारण तो दुसऱ्या पावसाळ्याअखेर घट्ट होऊन बसतो आणि तो उघडून नीट करण्यासारखें आंत कांहींच नसतें. पैसा अपुरा असेल तर ह्या वर्षीं ताठ चिमटा व रुंद टायर घेऊन सायकल उभी करावी, आणि योग्य चिमट्यासाठीं पुढच्या वर्षापर्यंत थांबावें. मात्र तो ताठ चिमटाहि पुढें यावयाच्या चिमट्याच्याच उंचीचा घ्यावा; असे उंच ताठ चिमटे मुद्दाम मिळतात, आणि त्यांनीं फ्रेमचा तोल बिघडत नाहीं.

भाद्रपद सरला, पाणंदींतील चिखल वाळला, कीं गडांकडे जाणाऱ्या वाटा पुन्हां मोकळ्या होतात. त्या दिवशीं सायकल बाहेर काढून हँडलावर भार टाकावा. चिमटा निमूटपणें दबून निमूटपणें वर आला, नळ्यांवर तेलाचा ओघळ दिसला नाहीं, तर निवड बरोबर होती. आणि मग रसाळगडाच्या पायथ्याकडून उतरतांना स्वाराचें लक्ष चिमट्याकडे नसेल. तें वाटेकडे असेल, आणि बोटें ब्रेकवर घट्ट असतील.